अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांनी म्हातारपण लांबतं का?

लांबतं असा ठोस पुरावा नाही. कल्पना मात्र जुनी आहे. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार होताना थोडे मुक्त मूलक (फ्री रॅडिकल्स, म्हणजे चटकन कशाशीही अभिक्रिया करणारे रेणू) सांडतात. ते डीएनए, प्रथिनं, चरबी यांना इजा करतात आणि ही इजा साठत गेली की आपण म्हातारे होतो, असं अमेरिकन शास्त्रज्ञ डेनहम हार्मन यांनी १९५६ मध्ये मांडलं. अँटिऑक्सिडंट या मूलकांना निष्प्रभ करतात, म्हणून त्यांच्या गोळ्यांची आशा. ‘शरीर गंजतं’ ही उपमा तिथूनच रुळली असावी.

पण शरीर म्हणजे गेटवरची लोखंडी कडी नव्हे. त्याच्याकडे या मूलकांना निकामी करणारी एसओडी, कॅटलेजसारखी स्वतःची विकरं (एन्झाइम्स) आहेत. शिवाय हेच मूलक थोड्या प्रमाणात निरोप्याचं काम करतात, व्यायामाचा फायदा काही अंशी त्यांच्यामुळेच मिळतो. आणि नेकेड मोल रॅट बघा: उंदराएवढा प्राणी, ऑक्सिडेटिव्ह इजा भरपूर, तरी तीस वर्षांहून जास्त जगतो!

गोळ्यांचं म्हणाल तर फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला, तो उलटाच: बीटा-कॅरोटीन या गाजरातल्या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग सुमारे १८ टक्के जास्त. गाजर खुशाल खा, त्याची गोष्ट वेगळी.