‘माझी चूक होताच कामा नये’

“मॅडम, डॉक्टर निवडण्यात माझी चूक झाली आणि ह्यांचं काही बरंवाईट झालं तर?”

जुळे सोलापुरातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. कधी बायको विचारते, कधी नवरा. नेहमी ऐकण्यातला कॅन्सर असला तर ओळखीत निदान एकदोघं वाट दाखवणारे असतात. क्वचित होणारा असला की आपल्याच डॉक्टरांच्या तोंडून “अशी केस मी फारशी पाहिलेली नाही” ऐकावं लागतं आणि पायाखालची वाळू सरकते. अशा एका बाईंची ही गोष्ट त्यांच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा बदलून सांगते आहे.

त्यांना सुनंदाताई म्हणू. यजमान अक्कलकोट रोडच्या एका चादर कारखान्यात हिशेबनीस. मांडीत गाठ होती, पण दुखत नव्हती, म्हणून ‘चरबीची असेल’ यावर वर्ष गेलं. लिंबाएवढी होती ती मोसंबीएवढी झाली तेव्हा एमआरआय, मग सुईने तुकडा काढून तपासणी. निदान आलं सॉफ्ट टिश्यू सार्कोमा, म्हणजे स्नायू, चरबी अशा मऊ ऊतींचा कॅन्सर. मोठ्या माणसांच्या कॅन्सरमध्ये सार्कोमाचं प्रमाण जेमतेम १ टक्का, आणि त्यातही ५० हून अधिक प्रकार.

“एक डॉक्टर म्हणतात उद्याच काढून टाकू. दीर म्हणतात मुंबईला न्या. आत्याबाई म्हणतात सुई लावली म्हणूनच पसरणार. काय करावं कळंना झालंय बघा.”

“आणि यजमान काय म्हणतात?”

“त्यांना नुसती गाठ आहे एवढंच सांगितलंय. फाईल ज्वारीच्या डब्यामागं ठेवते.”

अशा वेळी धीर देणारी वाक्यं मी टाळते. धीर बाहेर पडेपर्यंत टिकतो, जिना उतरला की संपतो. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत घडले. माणूस स्वतःशी कोणतं वाक्य बोलतो आहे ते आधी शोधायचं, एवढं मी त्यातून घट्ट धरलंय. कागद पुढे केला. त्यांनी लिहिलं: ‘मला योग्य डॉक्टर सापडलाच पाहिजे. माझी चूक होताच कामा नये.’

“ह्यातलं तुमच्या हातात काय आहे?”

“शोधणं.”

“आणि सापडणं?”

बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “ते सगळं कुठं माझ्या हातात?”

“मग ‘सापडलाच’ मधला ‘च’ कुणी घातला?”

त्यांनी पेन उचललं आणि पहिला ‘च’ खोडला. दुसऱ्यावर मात्र पेन टेकवून बसून राहिल्या. “हा निघंना, मॅडम.” तो पुढचे दोन आठवडे निघाला नाही. मग एके दिवशी कळलं, की वडिलांना कुठल्या दवाखान्यात न्यायचं हे बारा वर्षांपूर्वी त्यांनीच ठरवलं होतं. वडील गेले. भाऊ अजूनही कार्याला जमले की ऐकवतात.

म्हणजे तो ‘च’ आजचा नव्हताच. भूतकाळ उकरत बसणं मला पटत नाही, त्या दिवशीही उकरला नाही. एवढंच विचारलं, “तेव्हा जेवढं माहीत होतं, तेवढ्यात तुम्ही काय केलंत?”

“जमलं तेवढं सगळं केलं की.”

हे बोलल्या आणि स्वतःच थबकल्या. मग पेन उचललं. या कामात अशा क्षणासाठी मी थांबून राहते. तो कागद आजही माझ्या खणात आहे. भीती गेली नव्हती, जायचं कारणही नव्हतं. पण आता शोध घ्यायला डोकं मोकळं झालं होतं.

आणि शोध कसा घ्यायचा, हे मी सगळ्यांनाच सांगते. सार्कोमात पहिली शस्त्रक्रिया सर्वांत मोलाची. घाईने अर्धवट काढलेली गाठ पुढचं सगळं अवघड करते, म्हणून ‘उद्याच काढू’ याला निदान ‘आधी दुसरं मत घेतो’ असं उत्तर द्यावं. सुईने कॅन्सर पसरतो ही भीती मनातून काढा. नेमक्या जागी, नीट घेतलेल्या तुकड्याशिवाय उपचार ठरत नाहीत. लॅबमधून नुसता रिपोर्ट घेऊ नका, त्या तुकड्याच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉकही मागून घ्या. दुर्मीळ प्रकारात अनुभवी पॅथॉलॉजिस्टने त्या पुन्हा पाहिल्यावर निदान बदलल्याचीही उदाहरणं असतात. परळच्या टाटा रुग्णालयात हाडं आणि मऊ ऊतींच्या कॅन्सरसाठी वेगळा गट आहे. सर्जन, किरणोपचार आणि औषधोपचाराचे डॉक्टर मिळून ठरवतात. देशभरातली कॅन्सर रुग्णालयं २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये जोडली गेली आहेत, तिच्यामार्फत कागदपत्रं पाठवून घरबसल्याही तज्ज्ञांचं मत मिळवता येतं. कुणाही डॉक्टरांना “गेल्या वर्षात असे किती रुग्ण पाहिलेत?” हे विचारायला संकोचू नका. जाणता डॉक्टर रागावत नाही. आराखडा मोठ्या केंद्रात ठरला, तरी पुढचे काही उपचार घराजवळ होऊ शकतात का, तेही विचारा. बार्शीचं कॅन्सर रुग्णालय आपल्याला दीड तासावर. कॅन्सरची ग्रामीण नोंदणी तिथे १९८७ पासून चालू आहे, म्हणजे हा भाग या कामाला नवखा नाही.

पण हे सांगण्याआधी मी सुनंदाताईंना एक गोष्ट विचारली होती. “आयुष्यभर हिशेब ठेवणाऱ्या माणसापासून तुम्ही त्याच्याच आजाराची फाईल लपवताय. ती त्यांच्याकडे दिली तर?”

त्या रात्री जेवणानंतर त्यांनी ती समोर ठेवली. यजमानांनी तासभर वाचली. मग म्हणाले, “तारखा मागंपुढं लावलीयस की.” रडणं त्यानंतर झालं, दोघांचं मिळून. सकाळी पंचिंग मशीन घेऊन बसले, कागद क्रमाने लावले, पहिल्या पानावर अनुक्रमणिका केली आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लेजरच्या ठळक अक्षरात लिहून काढले.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघण्याच्या आदल्या दिवशी ताई तो कागद मला दाखवायला आल्या. पहिला प्रश्न पायाचा होता: पाय राहील का? (आता हातापायांच्या सार्कोमात बहुतेकांचा राहतो.) दुसरा मार्चअखेरच्या ताळेबंदाचा. सगळ्यात खाली लिहिलं होतं, ‘माझ्यासोबत आलेल्या बायकोने रात्री झोपायचं कुठे?’

तो प्रश्न त्यांनी टाटातल्या समाजसेवकांना विचारला. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेचा पत्ता त्यांना तिथेच मिळाला.