वाचकांचे प्रश्न : तापाच्या कितव्या दिवशी रक्त दिलं?

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा. तापाच्या तिसऱ्या दिवशी विडाल केली. रिपोर्ट आला, 'टीओ १:८०, टीएच १:१६०'. लगेच टायफॉइडचं औषध सुरू झालं. दोन वर्षांपूर्वी त्याला टायफॉइड होऊन गेलाय. पुन्हा झाला का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : एवढ्या रिपोर्टवरून 'हो' म्हणता येत नाही. विडाल ही १८९६ सालची चाचणी. ती टायफॉइडचा जंतू शोधत नाही, त्या जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी शोधते. त्या मोजण्याइतक्या व्हायला ताप सुरू झाल्यापासून साधारण सात ते दहा दिवस जातात. त्यामुळे तिसऱ्या दिवशी सापडलेल्या अँटिबॉडी बहुधा जुन्याच असतात. रिपोर्टमधले 'ओ' आणि 'एच' हे जंतूचे दोन भाग : 'ओ' पृष्ठभागाचा, 'एच' शेपटीचा. त्यातही 'एच'विरुद्धच्या अँटिबॉडी रक्तात दीर्घकाळ टिकतात, 'ओ'च्या त्यामानाने लवकर ओसरतात. मलेरियासारख्या दुसऱ्या तापातही विडाल पॉझिटिव्ह येऊ शकते.

आता १:१६० हा आकडा येतो कुठून ते पाहा. रक्त गोठल्यावर सुटणारं पिवळसर पाणी म्हणजे सीरम. ते सलाइनमध्ये दुपटीने पातळ करत नेतात : १:२०, १:४०, १:८०, १:१६०, १:३२०. प्रत्येक नळीत मेलेल्या जंतूंचा द्रव घालून त्या ३७ अंश सेल्सिअसवर ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी वाचतात. 'ओ'चा गाळ दाणेदार असतो, 'एच'चा कापसासारखा सैल. गाळ दिसणारी शेवटची नळी म्हणजे टायटर. म्हणजे १:८० आणि १:१६० यांत फक्त एका नळीचा फरक, आणि तेवढा तर वाचणाऱ्याच्या नजरेनेही पडतो. म्हणूनच आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा रक्त तपासून टायटर निदान चौपट, म्हणजे दोन नळ्या, वाढला तरच त्याला अर्थ आहे.

अनेक ठिकाणी नळ्यांऐवजी काचपट्टीवर थेंबात थेंब मिसळून विडाल करतात. ती साधारण मिनिटभरात वाचायची असते. उशीर झाला की थेंब कडेने सुकतो आणि नसलेल्या गुठळ्या दिसू लागतात. काचपट्टीवर पॉझिटिव्ह आलेला नमुना नळ्यांवर पडताळायलाच हवा.

पहिल्या आठवड्यात खरी उपयोगाची तपासणी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतूच बाटलीत वाढवून पाहणं, तीही अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी. मोठ्या माणसाचं ८ ते १० मिली रक्त लागतं, मुलांचं वयानुसार कमी. कमी रक्त घेतलं की जंतू हातातून निसटतो, कारण टायफॉइडमध्ये रक्तात जंतू फार थोडे असतात. रक्त घातलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही. तुमच्या मुलाचं औषध सुरू झालंच आहे, तर ते मनाने बंद करू नका. कल्चरबद्दल डॉक्टरांना आजच विचारा.

प्रश्न : बहिणीच्या तापाचा आज पाचवा दिवस. डेंग्यूच्या कार्डवर एनएस१ निगेटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी पॉझिटिव्ह. तरी डॉक्टर रोज प्लेटलेट पाहायला सांगतात. कशाला?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : डॉक्टरांचं बरोबर आहे. एनएस१ हे विषाणूचं प्रथिन. पहिले चार-पाच दिवस ते सापडतं. पण आधी कधी डेंग्यू होऊन गेला असेल, तर जुन्या अँटिबॉडी त्याला चिकटतात आणि कार्डाला ते दिसत नाही. आयजीएम आणि आयजीजी या अँटिबॉडीच : आयजीएम नव्या संसर्गात आधी येणारी, आयजीजी दीर्घकाळ टिकणारी. दुसऱ्यांदा होणाऱ्या डेंग्यूत आयजीजी झपाट्याने वाढतं, आयजीएम मात्र कमीच राहू शकतं. नुसतं जुनं आयजीजी असण्याचीही शक्यता आहेच. तीन-चार दिवसांनी एलायझा पद्धतीने, म्हणजे कार्डाऐवजी प्रयोगशाळेतल्या चाचणीने, आयजीएम पुन्हा करा. सरकारी केंद्रांत त्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे किट वापरतात. तोवर ताप उतरला तरी निर्धास्त राहू नका, धोक्याचा काळ तेव्हाच सुरू होतो. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, ग्लानी, यातलं काहीही दिसलं तर रिपोर्टची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

प्रश्न : विडाल दुसऱ्यांदा करायची तर लॅब बदलली तर चालेल का? उपाशीपोटी जायचं का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : उपाशी राहायची गरज नाही. लॅब मात्र बदलू नका. किट बदललं की टायटर बदलतो आणि चौपट वाढ खरी की किटची, हे कळत नाही. पहिल्या नमुन्याचं सीरम गोठवून ठेवायला सांगा आणि दोन्ही नमुने एकाच दिवशी, एकाच किटवर लावून घ्या.