चीनमध्ये बारावीच्या मुलांचं इंग्रजी कसं तपासतात? त्या पेपरात चांगले गुण मिळवणाऱ्याला खरंच इंग्रजी येतं का? आणि आपल्या बारावीच्या तुलनेत तो पेपर कसा आहे?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. चीनमध्ये शाळेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलांच्या इंग्रजीची परीक्षा कशी होते, आणि त्या गुणांवरून त्यांचं इंग्रजी कळतं का. सोबत आपल्या बारावीशी तुलनाही मागितली आहे.

मी सांगली जिल्ह्यात अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवत होते. नंतर यजमानांची नोकरी फोशानला लागली आणि 2018 ते 2023 आम्ही तिथे राहिलो. फोशान हे ग्वांगडोंग प्रांतातलं टाइल्सच्या कारखान्यांचं शहर. आमच्या समोरच्या दारातली मुलगी 2023 साली गाओकाओला, म्हणजे चीनच्या विद्यापीठ प्रवेश परीक्षेला, बसली. तिच्या शेवटच्या वर्षात आठवड्यातून दोन संध्याकाळी ती माझ्याकडे इंग्रजी बोलायला यायची. चिनी भाषेत मावशीला ‘आयी’ म्हणतात. ती दारातून ‘आयी’ म्हणून हाक मारायची तेव्हा सुरुवातीचे काही महिने मला दर वेळी ‘आई’च ऐकू यायचं. तिच्या वह्या, सरावाचे पेपर आणि जूनमधला खरा पेपर मी तिच्याबरोबर बसून सोडवला आहे. खाली लिहितेय ते त्यातून आलेलं आहे.

गाओकाओचे मुख्य पेपर साधारणपणे दरवर्षी 7 आणि 8 जूनला होतात. 2023 साली 1 कोटी 29 लाख मुलांनी नाव नोंदवलं होतं. एकूण 750 गुण असतात. त्यांत चिनी भाषा 150, गणित 150 आणि परकीय भाषा 150. म्हणजे भौतिकशास्त्र घेणारा असो की इतिहास घेणारा, इंग्रजीचं वजन गणिताएवढंच. इंग्रजीऐवजी जपानी, रशियन, जर्मन, फ्रेंच किंवा स्पॅनिश घेता येते, पण बहुसंख्य मुलं इंग्रजीच घेतात. सांस्कृतिक क्रांतीत बंद पडलेली ही परीक्षा 1977 साली पुन्हा सुरू झाली तेव्हा इंग्रजीला हे स्थान नव्हतं. ते हळूहळू वाढत गेलं आणि 1983 पासून इंग्रजीचे गुण पूर्ण धरले जाऊ लागले.

आता पेपर. बारावीला शिकवलेल्या माझ्यासारखीला पहिला धक्का बसला तो हा, की त्यात पाठ्यपुस्तकातलं काहीच येत नाही. आपल्याकडे पेपराचा मोठा भाग युवकभारतीतल्या धड्यांवर आणि कवितांवर असतो. धडा वर्गात झालेला, उतारा ओळखीचा, उत्तरं गाइडमध्ये छापलेली. गाओकाओत प्रत्येक उतारा मुलांनी पहिल्यांदाच पाहिलेला असतो. 2023 च्या पेपरात वाचनाला चार उतारे होते. अ‍ॅमस्टरडॅममधल्या भाड्याच्या सायकलींची माहिती, वनस्पती आणि सूक्ष्मजीवांच्या मदतीने सांडपाणी शुद्ध करणाऱ्या जॉन टॉड यांच्यावरचा लेख, मोबाइल-इंटरनेटचा वापर कमी करण्याबद्दलच्या एका पुस्तकाची ओळख, आणि पुष्कळ माणसांच्या अंदाजांची सरासरी एकट्याच्या अंदाजापेक्षा बरोबर का निघते यावरचा लेख. हे वाचायला सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला भाषा यावीच लागते, पाठांतराने भागत नाही. वाचनाला 50 गुण. त्यांतच एक प्रश्न असा असतो, की उताऱ्यातली पाच वाक्यं काढून टाकलेली असतात आणि खाली सात वाक्यं देतात. योग्य पाच निवडून जागच्या जागी बसवायची. उरलेली दोन चकवा म्हणून ठेवलेली असतात.

मला सगळ्यात आवडलेला प्रश्न म्हणजे गाळलेल्या शब्दांचा. एक छोटी गोष्ट देतात, तिच्यात पंधरा जागा रिकाम्या आणि प्रत्येक जागेला चार पर्याय. चारही पर्याय व्याकरणात चपखल बसतात, त्यामुळे नियम पाठ असून उपयोग नाही. गोष्ट कळली तरच शब्द सापडतो. त्या वर्षीची गोष्ट धावण्याच्या शर्यतीची होती. एक मुलगी वाटेत जखमी झालेल्या प्रतिस्पर्धी मुलीला पाठीवर घेऊन शर्यत पूर्ण करते. अनेकदा पहिल्या रिकाम्या जागेचं उत्तर चौथ्या-पाचव्या वाक्यात दडलेलं असतं. समोरची मुलगी आधी एकेक जागा भरत पुढे जायची आणि अडकायची. मी तिला म्हटलं, आधी पेन्सिल खाली ठेव आणि गोष्ट वाच. ही सवय लागायला दोन महिने गेले.

दहा जागा व्याकरणाच्या असतात, त्यांना पर्याय नाहीत. काही ठिकाणी कंसात मूळ शब्द देतात आणि त्याचं रूप बदलायचं असतं. काही ठिकाणी काहीच देत नाहीत, उपपद, शब्दयोगी किंवा उभयान्वयी शब्द स्वतः शोधायचा. 2023 चा उतारा शाओलोंगपाओ नावाच्या, आत रस्सा भरलेल्या उकडीच्या पदार्थावर होता. चिनी भाषेत क्रियापदाला काळाप्रमाणे प्रत्यय लागत नाही आणि नाम अनेकवचनात बदलत नाही, म्हणून ही मुलं तिथे घसरतात. आपल्या मुलांना काळ समजावायला कष्ट पडत नाहीत, मराठीत ते आहेतच. मात्र ‘अ’ आणि ‘द’ (a, the) कुठे लावायचे यावर सांगलीची आणि फोशानची मुलं सारखीच अडतात, कारण हा प्रकार दोन्ही भाषांत नाही.

लेखनाला 40 गुण. त्यांतले 15 एका पत्राला किंवा तशाच छोट्या मजकुराला, साधारण 80 शब्दांत. हे पत्र बहुतेकदा ली हुआ नावाच्या विद्यार्थ्याच्या नावाने लिहायचं असतं. 1995 पासून हा ली हुआ पेपरात येतोय. कधी परदेशी मित्राला बोलावतो, कधी शिक्षकांची क्षमा मागतो, कधी स्पर्धेची माहिती कळवतो. चीनमधल्या कोणत्याही शिकलेल्या तरुणाला ली हुआ म्हटलं की हसू येतं, कारण प्रत्येकाने त्याच्या वतीने पत्र लिहिलेलं असतं. 2023 साली त्याला तक्रार करायची होती. परदेशी शिक्षक मुलांच्या वाटेल तशा जोड्या लावून त्यांना वर्गाबाहेर इंग्रजी बोलायचा सराव करायला लावणार आहे, हे योग्य का नाही आणि काय करावं ते सुचवा. या प्रकारात साचा खूप चालतो. सुरुवातीचं वाक्य, मधली तीन वाक्यं, शेवटची शुभेच्छा, सगळं घोकून तयार असतं. तिच्या वहीत अशी वीसेक पत्रं होती आणि सगळी एकमेकींच्या जुळ्या बहिणींसारखी.

उरलेले 25 गुण ज्या प्रश्नाला आहेत, त्याबद्दल मला जरा जास्त लिहायचं आहे. साडेतीनशे शब्दांच्या आसपास एक अपुरी गोष्ट देतात. पुढच्या दोन परिच्छेदांचं फक्त पहिलं वाक्य छापलेलं असतं. तिथून गोष्ट सुमारे 150 शब्दांत पूर्ण करायची. 2023 ची गोष्ट सांगते. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या एका मुलाला शिक्षक लेखनस्पर्धेत भाग घ्यायला सांगतात. तो आधी नाही म्हणतो, कारण इंग्रजी लिहिणं त्याला जड जातं. शिक्षक धीर देतात आणि तो अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातल्या पॉल रिव्हिअरच्या रात्रीच्या घोडदौडीवर लिहायचं ठरवतो, पण माणसाच्या नाही, घोड्याच्या बाजूने. काही आठवड्यांनी निकालाची बातमी येते, इथून पहिला परिच्छेद सुरू करायचा. बक्षीस समारंभानंतर तो शिक्षकांना भेटायला जातो, इथून दुसरा.

विचार करा, लाखो चिनी मुलं, ज्यांना स्वतःला इंग्रजी लिहायची धास्ती, ती अशा मुलाची गोष्ट पूर्ण करत होती. या प्रश्नाचाही साचा आता शिकवणीवाल्यांनी बनवला आहे. ‘डोळ्यांत अश्रू दाटून आले’, ‘सूर्याचे किरण चेहऱ्यावर पडले’ अशा वाक्यांच्या याद्या मुलं पाठ करतात. तरीही दिलेल्या गोष्टीत काय घडलं, ते पात्र कसं आहे आणि त्याने पुढे काय करावं, हे ठरवल्याशिवाय दीडशे शब्द पुढे सरकत नाहीत. शिकवत असताना मी असा एकही प्रश्न वर्गात घातला नाही, याची आज खंत वाटते. आमच्या मुलांना गोष्टी सुचतात. मी त्यांना गोष्टीचा शेवट कधी विचारलाच नव्हता.

उत्तरपत्रिका स्कॅन होतात आणि लेखनाचं उत्तर दोन परीक्षक स्वतंत्रपणे तपासतात. दोघांत ठरावीक मर्यादेपलीकडे तफावत पडली तर तिसरा तपासतो. पडद्यावर एका उत्तराला फार वेळ मिळत नाही, त्यामुळे अक्षराला फार महत्त्व आलं आहे. हपेई प्रांतात हंगशुई नावाचं शहर तिथल्या शाळेच्या कडक शिस्तीसाठी देशभर माहीत आहे. तिथून छापील दिसणारं गोल, सुटं इंग्रजी अक्षर गिरवण्याची पद्धत पसरली, तिला हंगशुई वळणच म्हणतात. समोरची मुलगी रोज झोपायच्या आधी वीस मिनिटं ते गिरवायची. मला ते वाया गेलेले तास वाटायचे. सोळाव्या-सतराव्या वर्षी त्या वीस मिनिटांत तिने काहीतरी वाचलं असतं तर बरं झालं असतं.

आता बोलण्याकडे येते, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. चीनच्या बऱ्याच प्रांतांत गाओकाओच्या 150 गुणांत बोलण्याला एकही गुण नाही. 30 गुणांचं ऐकणं असतं, वर्गातल्या स्पीकरवरून संवाद वाजवतात, छोटे संवाद एकदाच. त्या वेळी केंद्राबाहेर हॉर्न वाजू नये म्हणून पोलीस उभे असतात. तोंड मात्र कोणाला उघडावं लागत नाही. काही ठिकाणी वेगळं आहे. शांघायमध्ये बोलण्याला 10 गुण आहेत, बीजिंगमध्ये ऐकणं-बोलणं मिळून 50, आणि आमच्या ग्वांगडोंगमध्ये 20. तिथे ही परीक्षा जूनच्या काही महिने आधी संगणकावर होते, म्हणून जूनच्या पेपरात ऐकण्याचा भागच नसतो. वाचन, भाषा आणि लेखनाचे मिळून 120 होतात, ते 130 वर नेतात आणि हे 20 त्यांत मिळवतात.

त्या 20 गुणांसाठी हेडफोन लावून तीन गोष्टी कराव्या लागतात. एक चित्रफीत पाहून तिच्यातल्या निवेदकाच्या लयीत तोच मजकूर वाचायचा. दुसऱ्या चित्रफितीवर तीन प्रश्न इंग्रजीत विचारायचे आणि पाच प्रश्नांची उत्तरं द्यायची. शेवटी एक गोष्ट ऐकून ती स्वतःच्या शब्दांत सांगायची. एका खोलीत सगळी मुलं एकाच वेळी बोलत असतात. शेजारच्याचा आवाज कानावर येत असताना आपली गोष्ट सोडायची नाही, हीसुद्धा एक परीक्षाच.

तिला गोष्ट सांगणं सगळ्यात कठीण जायचं. चिनी बोलताना ‘तो’ आणि ‘ती’ दोन्हीला ‘था’ असाच उच्चार आहे, लिहिताना फक्त चिन्ह बदलतं. त्यामुळे तिच्या गोष्टीतली आजी अर्ध्या वाटेत इंग्रजीतला ‘ही’ (he) व्हायची आणि पुन्हा ‘शी’ (she) व्हायची. वाचताना ती ही चूक कधीच करत नसे. लेखी पेपरात 130 पैकी 110 च्या पुढे जाणारी मुलगी माझ्या स्वयंपाकघरात पहिल्या संध्याकाळी पूर्ण एक वाक्य बोलू शकली नव्हती. आम्ही पोहे करता करता बोलायला लागलो. ती कांदा चिरायची आणि शाळेत काय झालं ते सांगायची. फेब्रुवारीपर्यंत ती मला मध्येच थांबवून प्रश्न विचारायला लागली.

म्हणून माझं उत्तर असं आहे. गाओकाओत 130-140 गुण मिळवणारं मूल अनोळखी इंग्रजी मजकूर चांगला वाचू शकतं, यावर तुम्ही निर्धास्त विश्वास ठेवा. ते बोलू शकेल की नाही, हे त्या आकड्यावरून कळत नाही, कारण बहुतेक ठिकाणी ते विचारलेलंच नाही. आणि जे विचारत नाहीत ते शाळा शिकवत नाही. ग्वांगडोंगमधले ते 20 गुण नसते, तर ती माझ्या दारात आलीच नसती.

मग सगळ्या देशात बोलण्याची परीक्षा का घेत नाहीत? माझ्या मते अडचण सारखेपणाची आहे. डोंगराळ भागातल्या शाळेत संगणकाची चांगली खोली नाही, बोलून घेणारा शिक्षक नाही, आणि एकेका गुणावर विद्यापीठ ठरतं. गुणांबाबत तिथले लोक किती संवेदनशील आहेत ते झेजियांग प्रांतात दिसलं. तिथे इंग्रजीची परीक्षा वर्षातून दोनदा देता येते आणि चांगले गुण धरले जातात. नोव्हेंबर 2018 मधला पेपर अवघड निघाला, म्हणून काही प्रश्नांच्या गुणांना वेगळा भार देऊन निकाल लावला. मुलांनी आणि पालकांनी जाब विचारला, चौकशी झाली आणि डिसेंबरच्या सुरुवातीला सरकारने तो निकाल रद्द करून मूळ गुण परत दिले.

आपल्या बारावीशी तुलना करायची तर त्यांचा लेखी पेपर नक्कीच जास्त अवघड आहे आणि मला तो जास्त प्रामाणिकही वाटतो. तोंडी परीक्षा आपल्याकडे मात्र प्रत्येक मुलाला आहे, 20 गुणांची, कॉलेजातच होणारी. ती आम्ही कशी घ्यायचो ते सांगायला हवं. एका दुपारी साठ मुलं. नाव विचारायचं, छंद विचारायचा आणि सरसकट सतरा-अठरा गुण द्यायचे. मीही तेच केलं. पूर्ण चीनकडे नसलेली संधी माझ्या हातात होती आणि मी ती दोन मिनिटांत उरकत होते.

ती मुलगी आता ग्वांगचौमध्ये शिकते. वीचॅट या चिनी अ‍ॅपवर मला इंग्रजीतच निरोप पाठवते, टाइप करून नाही, बोलून. परवा तिने तिच्या आजीच्या आजारपणाबद्दल सांगितलं. चार मिनिटांच्या त्या निरोपात आजी दोनदाच ‘ही’ झाली, आणि दोन्ही वेळा तिने स्वतःच थांबून ‘शी’ म्हटलं.