आत्यांची रोज खबर मिळावी, पण त्यांना पहारा वाटू नये

तुम्ही पुण्यात, पंचाहत्तरीच्या आत्या कोल्हापुरात शुक्रवार पेठेत एकट्या, आणि "बरी आहेस ना?" विचारलं की चिडतात. त्यांना न दुखावता लक्ष कसं ठेवायचं, असं तुम्ही विचारलंय. मी कोल्हापुरातच असतो. नात्यातल्या आणि गल्लीतल्या एकट्या म्हाताऱ्या माणसांकडे माझं बरीच वर्षं जाणं-येणं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक ठरवा. सकाळी नऊपर्यंत काहीच कळलं नाही, तर त्यांच्या दारापर्यंत जाणार कोण? फोन करणारे चौघे असतात, पण जाणारा ठरलेला नसतो. शेजारचं एक भरवशाचं घर धरा आणि तिथं किल्ली ठेवा. आतून कडी असेल तर त्या किल्लीचा काही उपयोग नाही, म्हणून बाहेरून किल्लीनं उघडणारं लॅच बसवून घ्या आणि रात्री कडी न लावण्याची सवय लावा. न्हाणीघराचंही तसंच. माणसं तिथं बऱ्याचदा पडतात, आणि आत कडी असली की दार फोडावं लागतं. घरात दुसरं कुणी नसताना ती कडी कशाला, हे आत्यांना शांतपणे पटवून द्या.

रोजची खबर मात्र ज्यांची ये-जा आहे त्यांच्याकडूनच येऊ द्या. दूधवाला, पेपर टाकणारा पोरगा, धुण्याभांड्याच्या मावशी. दाराला अडकवलेली दुधाची पिशवी तशीच दिसली, तर त्यांनी पुण्याला नव्हे, शेजारी हाक मारायची. हे आत्यांना सांगूनच करा. पेठेत काही लपत नाही, तोच दूधवाला उद्या त्यांना सांगेल आणि विश्वास गेला की त्या दुखणीही लपवतील. घरात गुपचूप कॅमेरा लावणं तर मला अजिबात मान्य नाही.

फोनवर तब्येत विचारू नका, सल्ला मागा. "आत्या, पांढऱ्या रश्श्याला खसखस, तीळ, काजू किती घेऊ? नारळाचं दूध कधी घालू?" जन्मभर रस्सा केलेली बाई यावर मनापासून बोलते, आणि तुम्हाला दम लागतोय का, शब्द अडतोय का, तेच दोनदा सांगतायत का, हे आपोआप कळतं. एखाद-दोन दिवसांत एकदम गोंधळल्यासारखं बोलायला लागल्या, तर "वय झालं" म्हणून सोडू नका. लघवीच्या संसर्गानंही म्हाताऱ्या माणसांचं असं होतं आणि औषधानं ते सुधारतं. तोंड वाकडं झालं किंवा जीभ जड झाली, तर मात्र थेट १०८. लकव्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं.

प्रत्यक्ष याल तेव्हा गोळ्यांच्या पाकिटावर नजर टाका. बीपीच्या गोळ्या असायला हव्यात त्यापेक्षा जास्त उरल्यात का? फ्रिजमध्ये शिळं साठलंय का? नडगीवर काळंनिळं दिसतंय का? पडलेलं माणूस सहसा स्वतःहून सांगत नाही.

आणखी एक, खास आपल्या गावचं. घर पंचगंगेच्या बाजूला असेल तर पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत जा. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ चा पूर त्यांनी पाहिलाय, तरी "आमच्या दारात पाणी येत नाही" म्हणून बसून राहतील. ३९ व्हायच्या आतच "चार दिवस राहायला या" म्हणून घेऊन जा. पाणी आल्यावर या वयात बोटीत चढवणं फार अवघड जातं.

ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे, तो नंबर शेजाऱ्यांकडेही असू द्या.

आत्यांना ऐकू कमी येतं का, आणि घर तळमजल्यावर आहे की वर, तेवढं कळवा. त्यावर लॅच आणि फोनची सोय थोडी बदलावी लागेल.