केंद्रातून सुटून आलेला मुलगा आणि चतुर्थीचे दिवस

देवगड तालुक्यातलं कुटुंब. मुलगा २६ वर्षांचा, मुंबईत गर्दच्या (ब्राउन शुगर, हेरॉइनचाच प्रकार) आहारी गेलेला. तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात काढून तो चतुर्थीच्या तोंडावर घरी आला होता. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) आईची काळजी बहुतेक घरांत असते तीच होती: "आता गावात कळता नये. कळला तर चेडवाचा (मुलीचं) लगीन कसा जमतला?"

मुलाच्या आईला, म्हणजे काकींना, आधी एक गोष्ट सांगावी लागली. पोरगा सुटून आलाय म्हणून धोका टळलेला नाही, उलट वाढला आहे. तीन महिने नशा बंद राहिली की शरीराची सवय मोडते. पूर्वी रोज पचणारी मात्रा आता श्वास थांबवू शकते. केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर आल्यावरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सगळ्यांत वाईट. त्यात दारू किंवा झोपेच्या गोळ्या मिसळल्या तर श्वास आणखी मंदावतो. आणि घरच्यांनी लपवाछपवी केली की मुलगाही लपूनच घेणार, म्हणजे बागेतल्या मांगरात (झोपडीवजा खोपीत), आतून कडी लावून. तिथे त्याला कुशीवर वळवायला कोण असणार?

मुंबईत एकदा नशा केल्यावर तो घोरत होता म्हणून खोलीतल्या मित्रांनी त्याला झोपू दिलं होतं. नशिबाने वाचला. म्हणून मग पडवीत चटई टाकून चुलतभावाला आडवा केला आणि सगळ्यांना करून दाखवलं. हाक मारायची, छातीच्या मधल्या हाडावर मुठीची पेरं जोरात चोळायची. तरी जाग नाही, घशातून घरघर येतेय, ओठ-नखं निळसर, बुबुळातली काळी बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, तर ती झोप नव्हे. पूर्ण मिनिट श्वास मोजायचे. साधारण १२ ते २० असतात. ८ च्या आसपास आले की वेळ घालवायचा नाही. १०८ ला फोन करून "श्वास नीट घेत नाही" हेच आधी सांगायचं, मग देऊळ किंवा स्टॉप अशी खूण.

श्वास चालू असेल तर कुशीवर, वरचा गुडघा पुढे दुमडून, म्हणजे उलटी झाली तरी नळीत जात नाही. श्वास अगदी थांबत आला असेल तर उताणं करून मान मागे, हनुवटी वर, नाक चिमटून दर ५ सेकंदांनी तोंडाने एक श्वास, छाती वर येतेय का बघत. लिंबूपाणी, मिठाचं पाणी पाजायचं नाही; बेशुद्ध माणसाच्या फुप्फुसात जातं. थंड पाणी ओतणं, धरून चालवणं यात फक्त वेळ जातो.

वडिलांना पोलिसांची भीती. रुग्णालयात एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय प्रकरणाची) नोंद होऊ शकते, हे त्यांना स्पष्ट सांगितलं. पण नोंद म्हणजे शिक्षा नव्हे. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्यातल्या कलम ६४अ मध्ये, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण करणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण आहे. डॉक्टरांपासून मात्र काय घेतलं ते लपवायचं नाही, कारण औषध त्यावरच ठरतं.

चुलतभाऊ, शेजारचा रिक्षावाला आणि आशाताई (गावातली आशा स्वयंसेविका), एवढ्या तिघांना सांगायचं ठरलं. मुलाशी करार एकच: घसरलास तर चुलतभावाला फोन, त्या रात्री कुणी ओरडणार नाही.

गौरी विसर्जनाच्या रात्री तो घसरला, आणि त्याने फोन केला. भाऊ पोचला तेव्हा मिनिटाला सहाच श्वास होते. त्याने शिकवल्याप्रमाणे तोंडाने श्वास दिला, रिक्षावाल्याने १०८ ला वाट दाखवली. रुग्णालयात नालोक्सोनचं, म्हणजे गर्दसारख्या नशेचा असर उतरवणारं, इंजेक्शन मिळालं आणि तो काही मिनिटांत शुद्धीवर आला, चिडलेला, थरथरत, घरी सोडा म्हणत. इथेच घरचे फसतात. नालोक्सोनचा असर साधारण अर्धा ते दीड तास टिकतो, गर्दचा त्याहून जास्त राहू शकतो. माणूस पुन्हा बुडू शकतो. आशाताईंनी काकींना आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून त्याला रात्रभर तिथेच ठेवलं. नंतर डॉक्टरांनी देखरेखीखाली ब्युप्रेनॉर्फिन ही व्यसनावरच्या उपचाराची गोळी सुरू केली. गोळी घेणं म्हणजे व्यसन बदलणं, असं वडिलांना वाटत होतं. तलफ आणि जीव जाण्याचा धोका दोन्ही कमी होतात, हे त्यांना डॉक्टरांनीच समजावलं.

पुढे काकींनीच आशाताईंना बचत गटाच्या बैठकीत कुशीवर वळवणं दाखवायला लावलं आणि पोरगा कुणाचा तेही स्वतः सांगितलं. बैठक संपल्यावर दोघीजणी मागे थांबल्या. एकीच्या नवऱ्याची दारू होती, दुसरीच्या भावाच्या झोपेच्या गोळ्या. दोघींना १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर लिहून दिला.