सोसायटीत बोअरचं पाणी आणि महापालिकेची लाईन एकत्र जोडली आहे, मधे एनआरव्ही (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल्व्ह) आहे, तरी पाणी उलटं जाऊ शकतं का?

जाऊ शकतं. तुम्ही लिहिलंय की तुमचे सेक्रेटरी म्हणतात, महापालिकेच्या पाण्याला दाब असतो त्यामुळे पाणी उलटं जायचा प्रश्नच येत नाही, आणि तरी भीती वाटत असेल तर एनआरव्ही आहेच. हे "दाबाचं पाणी उलटं जात नाही" वाक्य मी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं ऐकतोय आणि त्यापायी माझ्या वडिलांचा एक महिन्याचा पगार कापला गेलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, तासगाव भागातलं, द्राक्षाचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, ग्रामपंचायतीत पाणी सोडायला होते, महिना सहाशे रुपये मानधन. पाणी दिवसाआड, एका आळीला एक तास. टाकी पन्नास हजार लिटरची, त्याला अण्णा पाव किलो टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, मोजून घ्यायचे, बादलीत कालवून ठेवायचे, चुना खाली बसला की वरची निवळी तेवढी टाकीत ओतायचे. गाळ कधी टाकीत जाऊ दिला नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे आळ त्या टीसीएलवरच आला.

१९९७ च्या पावसाळ्यातली गोष्ट, मी बारावी सायन्सला होतो. बागांवर बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक, मारायचे दिवस होते. वरच्या आळीत आमचे चुलत चुलते, तात्या, यांचं घर, ते तेव्हा पंचायतीचे सदस्य पण होते. तात्यांनी दारातल्या प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये दोन किलो मोरचूद (कॉपर सल्फेटचे निळे खडे) टाकलं आणि नळाची नळी थेट तळापर्यंत सोडली, कारण तळाशी पाण्याचा जोर लागला की खडे लवकर विरघळतात. सगळेच असं करायचे, त्यात तात्यांचं वेगळं काही नव्हतं. ड्रम भरत आला आणि तेवढ्यात तास संपला म्हणून अण्णांनी चावी बंद केली. आता आमची खालची आळी वरच्या आळीपेक्षा पंधरा-वीस फूट उतारावर, लाईन एकच, आणि निम्म्या नळांना तोट्याच नाहीत. चावी बंद झाली तरी खालच्या बायका शेवटचा हंडा भरतच होत्या, म्हणजे पाईपमधलं पाणी खाली उतरत होतं आणि वरून पाईप रिकामा होत होता. रिकामा होणारा पाईप जिथून मिळेल तिथून ओढतो. तोट्या उघड्या असतील तर हवा ओढतो, आणि एखादी नळी ड्रमात बुडलेली असेल तर ड्रम ओढतो.

शेजारच्या आजींनी स्टीलचा हंडा उंबऱ्यावर ठेवला तेव्हा मी तिथंच होतो. पाणी निळं. गढूळ बिढूळ काही नाही, एकदम स्वच्छ, हलकं निळं, हंड्याचा तळ दिसत होता. समोरच्या घरात चहाचं दूध फुटलं. तीन पोरांनी पाणी प्यालं होतं, त्यांना उलट्या झाल्या, जीपमध्ये घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, संध्याकाळी परत आली, वाचली.

रात्री पंचायतीसमोर सगळे जमले आणि तात्याच पहिले बोलले, टीसीएल जास्त पडली म्हणून. अण्णा नुसते म्हणाले, मी पाव किलोच टाकली. मी शाळेतलं रसायनशास्त्र घेऊन उभा राहिलो. आजींच्या हंड्यातलं पाणी काचेच्या ग्लासात घेतलं, त्यात पॉलिश पेपरनं घासलेला लोखंडी खिळा टाकला, अर्ध्या तासात खिळ्यावर तांबूस थर. हेच तर द्राक्षवाले रोज करतात, बोर्डो तयार झालं की नाही बघायला विळा बुडवतात, तांबूस झाला तर चुना कमी पडलाय म्हणून अजून घालतात. जमलेल्या प्रत्येक माणसाला खिळा बघून कळलं होतं हे मोरचूद आहे. शिवाय तात्यांचा भरत आलेला ड्रम निम्मा रिकामा होता, तर त्यावर उत्तर आलं की पोरांनी सांडला असेल. आणि मला वर विचारलं, शाळा शिकलास ना, दाबाचं पाणी उलटं कसं जाईल? दुसऱ्या आठवड्यात अण्णांचा पगार कापल्याचा कागद आला.

अहो दाब असतो तेव्हा नाहीच जात. पण आपल्याकडे दाब असतो किती वेळ? दिवसाचे दोन-तीन तास. उरलेले एकवीस-बावीस तास लाईन रिकामी नाहीतर अर्धी भरलेली, त्यात अर्ध्या बिल्डिंगांनी मेन लाईनला डायरेक्ट टिल्लू मोटर लावलेली, ती चालू झाली की शेजारच्या कनेक्शनमधून ओढते, गटारातून गेलेल्या पाईपच्या फुटक्या जॉइंटमधून पण ओढते. आणि हे खेड्यातलं आहे असं कुणी म्हणू नका. शिकागोत १९३३ ला जागतिक प्रदर्शन भरलं होतं तेव्हा शेजारशेजारच्या दोन मोठ्या हॉटेलांत पिण्याच्या लाईनचा आणि सांडपाण्याचा असाच संबंध आला, हजाराच्या वर लोकांना अमीबाचा आमांश झाला आणि ९८ जण गेले. तिथं चोवीस तास पाणी होतं.

तुमच्या एनआरव्हीचं. मी आता पुण्यात प्लंबिंगची कामं घेतो, एनआरव्ही मीच बसवतो, पण त्याच्या भरवशावर बोअर आणि पिण्याची लाईन जोडत नाही, कुणी जोडा म्हटलं तर काम सोडतो. आत एक फ्लॅप असतो बास. बोअरच्या पाण्याला क्षार, बारीक वाळू, वर्षभरात फ्लॅप जिथं टेकतो त्या सीटवर थर बसतो आणि फ्लॅप केसभर उघडा राहतो. उघडून बघितलेत मी, डोळ्याला दिसतं. तुम्ही एक करा, महापालिकेकडून येणारा व्हॉल्व्ह बंद करा, बोअरची मोटर चालू करा आणि त्या व्हॉल्व्हच्या अलीकडे, म्हणजे एनआरव्हीच्या महापालिकेच्या बाजूला, नळ असेल तर तो उघडा. नसेल तर तिथलं युनियन (पाईप खोलायचा जोड) सैल करा. पाईपमधलं उरलेलं पाणी आधी निघून जाऊ द्या, त्यानंतरही धार चालू राहिली तर एनआरव्ही गेलेला आहे. थांबली तर आजच्यापुरता चांगला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

खरा उपाय म्हणजे दोन्ही पाईप वेगळे करा. दोन्ही पाणी एकाच खालच्या टाकीत घ्यायचं असेल तर दोन्ही पाईप टाकीत वरून मोकळे पडू द्या, ओव्हरफ्लोच्या पातळीपासून पाईपच्या व्यासाच्या दुप्पट उंचीवर, आणि कमीत कमी एक इंच तरी. एक इंची लाईन असेल तर दोन इंच. मधे मोकळी हवा असली की काहीही ओढता येत नाही, तिथं बिघडायला काही नाहीच. बऱ्याच ठिकाणी आवाज नको म्हणून फ्लोट व्हॉल्व्हला पाईप जोडून टाकीच्या तळापर्यंत नेतात, तो कापून टाका. कार धुवायची नळी, फिनेलच्या बादलीत सोडलेली नळी, संडासातल्या जेट स्प्रेचा पाईप बादलीत पडलेला, सगळं त्याच तात्यांच्या ड्रमसारखं आहे. पिण्याच्या नळाला ओटी टेस्ट (पाण्यातलं क्लोरीन मोजायची चाचणी) करत जा, क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या खाली नको.

आता हेही सांगायला हवं की मोकळं अंतर ठेवलं की लाईनचा दाब तिथं संपतो, पुढे मोटरनं चढवावं लागतं, पण तुमच्याकडे वरची टाकी आहेच त्यामुळे तुम्हाला फरक पडत नाही. आणि रस्त्यातल्या लाईनमध्ये गटाराचं पाणी शिरत असेल तर यानं ते थांबणार नाही, यानं तुमचं पाणी दुसऱ्याच्या घरात जायचं थांबेल. फॅक्टरीत वगैरे जिथं अंतर ठेवता येत नाही तिथं डबल चेक आणि दाब पडला की पाणी बाहेर सोडून देणारे व्हॉल्व्ह लावतात, त्यांची दरवर्षी टेस्टिंग लागते. सोसायटीला ते खर्च कशाला.

सेक्रेटरींना हे दाखवा. तात्या आता ऐंशीच्या घरात आहेत, अण्णा जाऊन सहा वर्षं झाली, आणि मागच्या लग्नात पंगतीत विषय निघाला तेव्हा तात्या परत तेच म्हणाले, त्या दिवशी टीसीएल जास्त पडली होती. टीसीएल जास्त पडली तर पाण्याला उग्र वास येतो, पांढुरकं होतं. निळं मोरचुदानं होतं.