दुपारची पेंग आणि तीनचा पेपर

या खेपेला तीन पत्रं एकाच वेळेबद्दल आलीयत, दुपारी दोन ते चार. मी पण ही उत्तरं लिहायला अडीचला बसले आणि पहिलं पत्र दोनदा वाचून काही डोक्यात शिरेना, मग उठले, तोंडावर पाणी मारलं आणि आता लिहितेय.

प्रश्न : ताई, मी सांगोल्याचा, दोन वर्षं झाली पुण्यात एमपीएससी करतोय. सदाशिव पेठेत अभ्यासिका लावलीय. सकाळी सातला येतो, बारापर्यंत एकदम मस्त अभ्यास होतो, पण मेसला जेवून आलो की असली झोप येते की पॉलिटीचं, म्हणजे राज्यघटनेचं, एकच पान तासभर उघडं असतं. टेबलवर डोकं ठेवतो ते डायरेक्ट साडेचारला उठतो, डोकं जड, तोंड कडू, आणि दिवस वाया गेल्यासारखं वाटतं. गावाकडे बाबा उन्हात आणि मी इथं एसीत झोपतोय. दोन-दोन चहा घेऊन पण फरक नाही.
— पेंगणारा भावी अधिकारी

उत्तर : अरे, आधी ते अपराधी वाटणं सोड. आणि बाबांचं म्हणशील तर तेही दुपारी बांधावरच्या झाडाखाली टॉवेल उशाला घेऊन घटकाभर पडत असतील, फोन करशील तेव्हा विचार एकदा.

होतं काय की आपण उठल्यापासून मेंदूत अॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं, ते जितकं जास्त तितकी झोप येते. त्याला तोंड देऊन आपल्याला जागं ठेवायचं काम शरीरातलं घड्याळ करतं, आणि दुपारी एक ते चारच्या मध्ये कधीतरी हे घड्याळच जरा ढिलं पडतं. म्हणजे तू जेवला नाहीस तरी पेंग येणारच, थोडी कमी येईल एवढंच. ते ‘सगळं रक्त पोटाकडे जातं म्हणून मेंदूला कमी पडतं’ वगैरे आपण लहानपणापासून ऐकलंय पण मेंदूचा रक्तपुरवठा शरीर असा सहजासहजी कमी होऊ देत नाही.

मेसचा हात मात्र आहेच यात. अनलिमिटेड आहे म्हणून पैसे वसूल करायचे, पाच पोळ्या, वर दोनदा भात, हे सकाळभर खुर्चीत बसलेल्या माणसाला कशाला लागतंय? आधी उसळ, कोशिंबीर जे काय असेल ते खा, मग दोन-तीन पोळ्या, भात मूठभर, आणि ताक असेल तर घे. संध्याकाळी पाचला भूक लागेल तर लागू दे, शेंगदाणे-गूळ खा. रविवारी फीस्ट असते तेव्हा पुरी-मसालेभात-गुलाबजाम सोडून ये असं मी सांगणार नाही, त्या दुपारी अभ्यास ठेवूच नको, कपडे धू.

जेवल्यावर लगेच खुर्चीत बसू नको, दहा-पंधरा मिनिटं चाल. शतपावली म्हणजे काय आजोबा लोकांची मक्तेदारी नाहीये, जेवणानंतर चाललं की रक्तातली साखर एकदम वर जात नाही. शिवाय अभ्यासिकेतल्या ट्यूबलाईटखाली उजेड काहीशे लक्स (उजेड मोजायचं माप) असतो आणि बाहेर सावलीत सुद्धा हजारोंच्या घरात, त्या उजेडाने डोळ्यांवरची झापड उतरते. एप्रिल-मेमध्ये गल्लीच्या सावलीच्या बाजूने चाल म्हणजे झालं.

आता झोपेचं. झोप, पण पंधरा-वीस मिनिटंच. मोबाईल व्हायब्रेटवर टाकून शर्टाच्या वरच्या खिशात ठेव, टेबलवर डोकं ठेवलंस की बरोबर छातीवर थरथरेल आणि शेजारचे बोंबलणार नाहीत. अर्ध्या तासाच्या पुढे गेलास की गाढ झोप लागते आणि त्यातनं अर्धवट उठलं की तुला होतं तेच होतं, डोकं बधिर, काही सुचत नाही. नासाने लांब पल्ल्याच्या काही वैमानिकांना विमान चालू असताना आळीपाळीने 40 मिनिटं डुलकी काढायची मुभा देऊन बघितली होती, ते सरासरी 26 मिनिटं झोपले आणि न झोपलेल्यांपेक्षा उतरायच्या वेळी जास्त तल्लख होते. तर विमानवाले झोपू शकतात, तूही झोप.

चहा घ्यायचाच तर डुलकीच्या आधी घे. उलटं वाटेल, पण कॅफीन चढायला वीसेक मिनिटं लागतात, तोवर तुझी झोप होते आणि उठतोस तेव्हा दोन्हींचा फायदा. अमृततुल्यचा तो एवढासा कप, त्यात कॅफीन थोडं आणि साखर भरपूर, त्यामुळे दोनाचे चार केलेस तरी विशेष काही व्हायचं नाही. साडेचारनंतर मात्र बंद, कारण कॅफीनचा निम्मा भाग पाच-सहा तासांनी पण शरीरात असतोच.

आणि रात्री किती वाजता झोपतोस ते तू लिहिलंच नाहीस. सकाळी सातला अभ्यासिकेत म्हणजे सहाला उठत असशील, आणि दीड वाजेपर्यंत रूमवर गप्पा नाहीतर रील्स चालत असतील तर साडेचार तास झोप होते. सात तास लागतात. तसं असेल तर वर लिहिलेलं सगळं केलंस तरी ती ठिगळं आहेत.

एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. राज्यसेवा पूर्वचा जीएस, म्हणजे सामान्य अध्ययनाचा पेपर सकाळी होतो आणि सीसॅट, म्हणजे उतारे-गणितं-बुद्धिमत्तेचा पेपर, दुपारी तीन ते पाच, म्हणजे बरोबर तुझ्या पेंगेच्या तोंडावर. सीसॅट क्वालिफाइंग आहे, 200 पैकी 66 आले की झालं, म्हणून पोरं तो हलक्यात घेतात, आणि मग तेच उतारे तीन-तीनदा वाचत बसतात. तेव्हा आठवड्यातनं दोन दिवस बरोबर तीनला घड्याळ लावून 80 प्रश्नांचा पेपर सोडव, आधीची डुलकी, जेवण, चालणं सगळं परीक्षेच्या दिवशी करशील तसंच करून. बाकीच्या दिवशी दोन ते चार वाचन ठेवू नको, नकाशे भर, गणितं कर, उभं राहून मित्राला कलमं विचार. हात चालू असला की झोप जरा लांब राहते. सकाळचं ते मस्त डोकं पॉलिटीला दे.

प्रश्न : मी 36, हिंजवडीत आयटीत. सिंहगड रोडवरून जाऊन-येऊन रोज तीन तास. दुपारी मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून डोळे मिटते अशी अवस्था आहे. पण मला रविवारी पण असंच थकल्यासारखं होतं, जिना चढला की धाप लागते, केस पण खूप गळतात. डब्यात पोळी-भाजीच असते, मग काय चुकतंय? — आर.

उत्तर : आर., तुम्हाला डुलकीचे सल्ले देऊन मी वेळ घालवणार नाही. दुपारची पेंग असती तर साडेचारला उतरली असती आणि रविवारी जिन्यात धाप लागली नसती. या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा, हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), थायरॉईडचं टीएसएच, बी-12 आणि शुगर एवढ्या तपासण्या करायच्या का ते विचारा, आणि पाळीला रक्तस्राव जास्त होत असेल तर तेही न लाजता सांगा, बायका नेमकं तेच सांगत नाहीत. बायकांचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर अॅनिमिया धरतात आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना तो निघाला होता, म्हणजे तुम्ही काही एकट्या नाही. आपल्या मनाने गोळ्या चालू करू नका.

तोवर एक सवय बदला. डबा संपला रे संपला की मशीनचा चहा घेता ना? त्या चहाने जेवणातलं लोह अंगाला कमी लागतं, तासभर थांबून घ्या. आणि उसळीवर लिंबू पिळा, त्याने लोह जास्त शोषलं जातं.

प्रश्न : आमचं पेठेत दुकान आहे आणि आम्ही वडिलांच्या काळापासून 1 ते 4 बंद ठेवतो. लोक चेष्टा करतात. मी दोन तास वामकुक्षी घेतो, पण रात्री दोनला जाग येते ती पहाटेपर्यंत. शिवाय घरात तक्रार आहे की मी घोरतो, जे मला मान्य नाही. वय 61.

उत्तर : काका, चितळे बंधू मिठाईवाल्यांनी सुद्धा 2017 मध्ये दुपारी दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली, तुम्ही अजून टिकून आहात, कौतुक आहे! दुपारी दुकान बंद ठेवण्यावर माझं काही म्हणणं नाही, पण तीन तास दुकान बंद म्हणजे दोन तास झोप असं कुठे लिहिलंय. वामकुक्षी म्हणजे डाव्या कुशीवर घटकाभर पडणं, तसं पडल्याने जळजळ पण कमी होते. तुम्ही रात्रीची झोप दुपारीच खर्च करताय, मग दोनला जाग येणारच. वीस मिनिटांचा गजर लावा, आणि तीनच्या आत उठा. पहिला आठवडा चिडचिड होईल, गिऱ्हाईकांवर काढू नका.

घोरण्याचं मात्र मान्य करा, कारण घोरता-घोरता मध्येच श्वास थांबत असेल तर त्याला स्लीप अॅप्निया म्हणतात, त्यात रात्रभर झोपूनही दुपारी डोळे मिटतात आणि बीपी पण वाढतं. काकूंना सांगा एका रात्री मोबाईलवर रेकॉर्ड करा. ते डॉक्टरांना ऐकवायचं आहे, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचं नाहीये, हेही सांगा.